सनरूफ घेण्याआधी जरा थांब

पहिली गाडी घेतोयस, तर शोरूममध्ये बटणं मोजू नकोस. मागचे ब्रेक पॅड बदलायला काय करावं लागतं, ते आधी विचार. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून सर्व्हिस मोड चालू करावा लागतो, तेव्हा कुठे कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे सरकतो. हाताने ओढायचा साधा हँडब्रेक असेल, तर वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला आपला नेहमीचा मिस्त्रीही पुरतो.

सनरूफचं तर मी स्वतः भोगलंय. त्याच्या कोपऱ्यांतून पाणी खाली न्यायला बारीक नळ्या असतात. आमच्या दारात कडुनिंब. पानं-काड्या साचल्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात छताचं कापड ओलं, पायाखालचं मॅटिंग चिंब! वर्कशॉपने आख्खं छत उतरवायचा खर्च सांगितला. शेवटी नायलॉनची दोरी घालून नळी मोकळी केली, दहा मिनिटांत. तू घेतलंसच तर दर मे महिन्यात कोपऱ्यात कपभर पाणी ओत आणि ते गाडीखाली पडतंय ना, बघ.

एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) यांत मात्र काटकसर नको, ती जीव वाचवतात. आणि वडोदऱ्यातला विश्वामित्री नदीचा २०२४चा पूर पाहिलायस ना? बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही.