स्कॉट ही सुरुवातीची ब्रिटिश मोटरसायकल कंपनी नेमकी कशामुळे महत्त्वाची मानली जाते?

स्कॉट मोटरसायकलचे महत्त्व तिच्या इंजिनात आहे. यॉर्कशायरमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी 1908 मध्ये आपली मोटरसायकल बाजारात आणली. पहिल्या काही गाड्या ब्रॅडफर्डच्या जोवेट बंधूंनी तयार करून दिल्या आणि पुढे शिपली येथे स्कॉट यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. इतर बहुतेक गाड्या चामडी पट्ट्यावर आणि एकाच वेगावर चालत होत्या, चालू करण्यासाठी त्यांना ढकलत धावावे लागे. अशा काळात स्कॉटच्या गाडीला दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, पाण्याने थंड होणारे हेड, साखळी, दोन वेग आणि पायाने मारायची किक होती. मला तर ती किकच सर्वांत मोठी देणगी वाटते.

चढणीच्या शर्यतींत ही गाडी इतकी सरस ठरली की प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारींवरून शर्यतीत तिची इंजिनक्षमता प्रत्यक्षाच्या 1.32 पट धरली जाऊ लागली. हा नियम 1911 मध्ये उठला आणि 1912 व 1913 या लागोपाठच्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही मोटरसायकल शर्यत स्कॉटनेच जिंकली.

पहिल्या महायुद्धानंतर आल्फ्रेड स्कॉट स्वतः कंपनीतून बाहेर पडले. त्यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. अशाच एका मोहिमेनंतर ओल्या कपड्यांनी घरी परतल्यावर न्यूमोनिया होऊन 1923 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कंपनीची ‘फ्लाइंग स्क्विरल’ ही मोटरसायकल लोकप्रिय झाली, मात्र 1950 मध्ये कंपनी बर्मिंगहॅमच्या एका उद्योगाला विकली गेली.