शरीरसौष्ठव स्पर्धेआधी गच्चीवर ऊन घेऊन 'बेस टॅन' करावा का?

तुमची पहिली जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि जिममधले सीनियर सांगतायत, 'रोज दुपारी खोबरेल चोपडून गच्चीवर पड, टॅनचे दोन कोट वाचतील.' (टॅन म्हणजे स्नायू उठून दिसावेत म्हणून स्टेजआधी अंगाला लावतात तो गडद रंग; त्याआधी उन्हात कातडी काळी करून घेणं म्हणजे 'बेस टॅन'.) साफ चूक. एकही कोट वाचत नाही, उलट केलेली मेहनत झाकली जाते.

स्टेजच्या टॅनमध्ये डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन म्हणजे डीएचए असतो. तो कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरालाच रंगवतो. उन्हात भाजलेला नेमका तोच थर तीन-चार दिवसांत सोलायला लागतो. स्टेजमागे असा एक तरी मुलगा दिसतोच: खांद्यावर पापुद्रे, पाठीवर बनियनच्या पट्ट्यांचे फिके माग. स्पंज फिरवला की पापुद्रा रंगासकट हातात येतो आणि खाली गुलाबी चट्टा उरतो. बॅक पोझमध्ये परीक्षकांना आधी तो चट्टा दिसतो. शिवाय भाजलेल्या कातडीखाली सूज धरते, म्हणजे डाएट करून काढलेले कट्स (स्नायूंमधल्या ठळक रेषा) पुसट.

'सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही' हेही पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. बाधतं. रंग गडद होणं हेच पेशींच्या डीएनएला इजा झाल्याचं लक्षण. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता) ११च्या वर, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या पातळीवर जातो, आणि खोबरेल काही सनस्क्रीन नव्हे. सनबेडचा, म्हणजे अतिनील दिव्यांखाली पडून कातडी काळी करायच्या यंत्राचा, तर विचारही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली त्याला तंबाखूच्याच, कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलंय.

रंग बाटलीतूनच आणा. शेव्हिंग २४ तास आधी उरका. आदल्या संध्याकाळी काथ्याने अंग घासून आंघोळ करा. त्यानंतर लोशन नाही, डिओ तर अजिबात नाही, काखा हिरवट पडतात. रात्री दोन पातळ कोट, मध्ये पंख्याखाली १५-२० मिनिटं. सकाळी तिसरा. कोपर, गुडघे, घोटे रंग जास्त पितात, तिथे स्पंजला उरलेलाच फिरवा. चेहरा शेवटी आणि हलका. तळवे लगेच पुसा. सैल, गडद कपड्यांत झोपा. घाम आला की ओघळ उठतात, आणि ते झाकायला आणखी रंग थापला की अंग चिखल माखल्यासारखं दिसतं. एक जाड कोट मारून मोकळे होणाऱ्यांचंही हेच होतं.

आठवडाभर आधी कोपराच्या आत थोडा लावून २४ तास बघा, खाज आली तर तो ब्रँड सोडा. स्प्रे मारताना डोळे-ओठ मिटून श्वास रोखा, दम्याचा त्रास असेल तर स्पंजच. कुणी मेलानोटानचं इंजेक्शन पुढे केलं तर घेऊ नका, कातडी काळी करायला त्याला कुठेही मान्यता नाही आणि त्याने अंगावरचे तीळ बदलतात. आणि डीएचएचा रंग उन्हापासून वाचवत नाही, तेव्हा स्पर्धेनंतर अंग काळंभोर दिसत असलं तरी बाहेर पडताना एसपीएफ ३०चं सनस्क्रीन लावाच.