लागोसला निघालीस, तर

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

नोकरी पक्की झाल्याचा तुझ्या आईचा फोन आला. पेढ्यांच्या आधी तिने तीन प्रश्न विचारले. तिथे एकटीने राहता येतं का, पोटाला शाकाहारी काही मिळतं का, आणि ‘ते लोक’ कसे असतात. पहिल्या दोनांची उत्तरं मी फोनवरच दिली. तिसऱ्याचं उत्तर तिला देऊन उपयोग नव्हता, म्हणून हे पत्र तुला.

नायजेरियातल्या लागोसला मी अकरा वर्षं होते, तिथल्या इकेजा भागातल्या एका कारखान्यात हिशेब बघायला. पहिल्याच सोमवारी सकाळी स्टोअरमध्ये गेले आणि स्टोअरकीपरना विचारलं, “शुक्रवारच्या मालाची पावती कुठाय?” माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. त्यांनी वर पाहिलं आणि सावकाश म्हणाले, “गुड मॉर्निंग, मॅडम.” मी म्हटलं, “हो हो, मॉर्निंग. पावती?” ती पावती मला गुरुवारी मिळाली. पुढचीही तशीच उशिरा. मी मनात ठरवून टाकलं की माणूस आळशी आहे. तिसऱ्या आठवड्यात आमचा ड्रायव्हर घरी सोडताना आरशातून बघत म्हणाला, “मॅडम, यू नो डे ग्रीट.” तुम्ही नमस्कारच करत नाही.

मला रागच आला. उद्धट मी? पण खरं होतं. आपल्याकडे ऑफिसात शिरताना मान हलवली की झालं, कामाच्या माणसाला बोलण्यात गुंतवू नये हीच आपली सभ्यता. तिथे ते उलटं आहे. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, रस्त्यात ट्रॅफिक किती लागला, एवढं झाल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे समोरच्याला माणूस न मानता खिडकी मानणं. दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये जाऊन पाच मिनिटं नुसती चौकशी केली. पावत्या वेळेवर यायला लागल्या, हे वेगळं सांगायला नको.

लागोस हा योरुबा लोकांचा मुलूख, आणि योरुबात नमस्काराची खाणच आहे. सकाळी ‘ए कारो’, दुपारी ‘ए कासान’. इथपर्यंत कुणीही शिकतं. पण काम करणाऱ्याला ‘ए कू इशे’, बरेच दिवसांनी भेटलेल्याला ‘ए कू ओजो मेता’, म्हणजे अक्षरशः तीन दिवसांचा नमस्कार, मग भले तीन वर्षांनी भेटलेले असा. सणाचा वेगळा, पावसाचाही वेगळा. तिथल्या इंग्रजीत कुणी नुसतं झाडत असलं तरी येणारा-जाणारा ‘वेल डन’ म्हणतो. ती शाबासकी नसते गं, तो ‘ए कू इशे’च इंग्रजी कपडे घालून आलेला असतो.

आणि इथे मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळते, जी आमच्या इंग्रज मॅनेजरला दहा वर्षांत उमगली नाही. योरुबात ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. धाकट्याला, बरोबरीच्याला ‘ओ’, मोठ्याला ‘ए’. वर जे सगळे नमस्कार ‘ए’ने सुरू होतात ना, तो हाच ‘तुम्ही’. इतकंच नाही, मोठ्या माणसाबद्दल त्याच्या माघारी बोलतानाही अनेकवचन. आपण ‘साहेब आले’ म्हणतो तसंच. म्हणून शिपाई येऊन ‘दे आर कॉलिंग यू’ म्हणाला तर कोण कोण बोलावतंय म्हणून शोधू नकोस. एकच माणूस असतो, फक्त ज्येष्ठ.

तुझ्या आईच्या ‘ते लोक’वर मी हसले ते यासाठी. आपल्याकडेही ‘ते’ दोन तऱ्हेचे आहेत. ‘ते आले’ मधला मान देतो, ‘ते लोक’ मधला लांब ढकलतो. तू पहिला वापर.

मुलगे मोठ्यांपुढे साष्टांग घालतात, मुली गुडघे टेकतात. रोजच्या धावपळीत त्याचं किंचित वाकणं होतं, गुडघ्याला जरासा हिसका. परक्या मुलीकडून कुणी अपेक्षा करत नाही, पण वयस्क बाईपुढे जरा झुकलीस तर चेहरा कसा उजळतो ते बघ. मोठ्या माणसापुढे आपण होऊन हात मात्र पुढे करू नकोस. त्यांनी केला तर हातात घे. आणि डावा हात देण्याघेण्यात नाही. हे तुला आजीनेच शिकवलंय.

आता पिजिन, तिथली इंग्रजी वळणाची बोली. ते मोडकं इंग्रजी आहे असं आपले लोक सर्रास म्हणतात, आणि ते चूक आहे. ‘आय डे गो’ म्हणजे जातेय, ‘आय डोन गो’ म्हणजे गेलेय, ‘आय गो गो’ म्हणजे जाईन. चोख काळ आहेत. २०१७ पासून बीबीसी त्या भाषेत बातम्या देते. ‘हाऊ फार?’ला किलोमीटरमध्ये उत्तर देऊ नकोस, ‘आय डे’ म्हण, बरी आहे. ‘वहाला’ म्हणजे कटकट, ‘अबेग’ म्हणजे कृपा कर बाबा, ‘ओगा’ म्हणजे साहेब. पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांशी पिजिन झाडू नकोस. शिकलेल्या माणसाला वाटतं, हिला वाटलं मला इंग्रजी येत नाही. समोरच्याने सुरू केलं की मग खुशाल.

त्यांच्या इंग्रजीतले दोन शब्द मला फार आवडतात. तू ठेचकाळलीस, हातातला कप पडला, तर आजूबाजूचे चार जण ‘सॉरी’ म्हणतील. त्यांचा काही दोष नसतो. ते योरुबातलं ‘पेले’ आहे, आपलं ‘अगं बाई, लागलं का?’ आणि दुसरं, माणूस खुर्चीवरून उठून दाराबाहेर चालला असताना ‘आय एम कमिंग’ म्हणतो. पहिल्यांदा मी गोंधळून बघत बसले. मग लक्षात आलं, अरे, आपणही उंबरठा ओलांडताना ‘जातो’ कुठे म्हणतो? ‘येतो’च म्हणतो.

सगळेच योरुबा नाहीत हे विसरू नकोस. देशात पाचशेच्या वर भाषा आहेत आणि लागोसमध्ये सगळीकडची माणसं. नावावरून, बोलण्यावरून अंदाज येईलच, नाहीतर सरळ विचार. गाव विचारलेलं कुणाला खटकत नाही. इग्बो असेल तर ‘केडू’ म्हण. गेटवरचा रखवालदार बहुतेक उत्तरेकडचा हाउसा असेल, त्याला ‘सन्नू’. चहाला त्यांच्यात ‘शायी’ म्हणतात, आणि रस्त्याकडेला अंडं-पाव-चहा विकणारा तो ‘मै शायी’. उत्तरेतल्या कानोकडचा असला तर हिंदी सिनेमाची गाणी त्याला तुझ्यापेक्षा जास्त येत असतील, लाजू नकोस. डिसेंबरच्या मध्यावर ऑफिसातले इग्बो लोक एकेक करून गायब होतील. नाताळला गावी जाणं म्हणजे जाणंच, आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांचा गणपती. त्यांच्या मुलखाच्या वाटेवर, ओनिचाला नायजर नदीवरच्या पुलापाशी गाड्यांच्या रांगा लागायच्या. २०२३ मध्ये दुसऱ्या पुलाचं उद्घाटन झालं, तोवर मी परत आले होते. त्या दिवसांत कुणाची रजा नाकारायची पाळी तुझ्यावर आली, तर आधी आपल्याकडे गणपतीत रजा नाकारणाऱ्या साहेबाला काय म्हणतात ते आठव.

बाजारात जा. ड्रायव्हरला यादी देऊन पाठवू नकोस, माइल ट्वेल्व्हला स्वतः जा, सकाळी लवकर, जुन्या चपला घालून. विकणारी तुला ‘कस्टमर’ म्हणेल आणि तूही तिला ‘माय कस्टमर’च म्हणायचं, दोघी एकमेकींच्या गिऱ्हाईक. तांदूळ, चवळी किलोवर नाही, मापावर मिळतात. आपल्या आज्यांची पायली नि चिपटं होतं तसं त्यांचं ‘काँगो’ आणि ‘देरिका’. देरिका म्हणजे टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा, पेस्टच्या ब्रँडचं नावच मापाला चिकटलं. भाव ठरला की ‘जारा’ माग. आपली भाजीवाली वर मूठभर कोथिंबीर टाकते, तो जारा. न मागता सुटलीस तर ती तुला नवखी समजेल, आणि बरोबरच समजेल.

खाण्याचं थोडक्यात. ‘मी मीट खात नाही’ म्हटलंस तर मासा येईल. मासाही नको म्हटलंस तरी रश्शात वाळवलेल्या कोळंबीची पूड असेल, आपली सुकटच, आणि तिला कुणी मांसाहार धरत नाही. त्यामुळे नीट फोड करून सांग. सकाळी अकारा खा, चवळीची सालं काढून वाटून तळलेले वडे, गरम असताना त्यांना तोड नाही. साबुदाण्याची पिशवी बॅगेत कोंबू नकोस. साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाच्या देशात चालली आहेस. तिथे तो किसून, आंबवून, भाजून त्याची गारी करतात. गरम पाण्यात घोटली की एबा. उन्हाळ्यात गार पाण्यात भिजवून साखर-शेंगदाणे घालून खातात. एकादशीला चालते का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

वीज जाईल. रोज जाईल. ‘नेपा’ने नेली म्हणतील. नेपा ही सरकारी कंपनी २००५ मध्येच नाव बदलून गेली, पुढे २०१३ मध्ये वितरण खासगी झालं, पण शिव्या अजून नेपालाच. आपणही महावितरण होऊन इतकी वर्षं झाली तरी ‘एमएसईबीवाला आला’ म्हणतोच की. वीज परत आली की अख्ख्या गल्लीतून पोरं ओरडतात, ‘अप नेपा!’ तो आवाज ऐकशील तेव्हा माझी आठवण काढ.

पिवळ्या डानफो बसमध्ये पहिल्या महिन्यात एकटी चढू नकोस. नंतर चढ, सुटे पैसे हातात ठेवून, आणि उतरायचं असलं की ‘ओवा ओ!’ असं ठणकावून. जवळच्या अंतराला केके बरी. नीट बघ, ती आपलीच रिक्षा आहे, बजाजची. लष्करी प्रशासक मारवा यांच्या काळात लागोसला आली म्हणून जुने लोक तिला ‘केके मारवा’ म्हणतात.

ऑफिसातल्या कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं येईलच, आणि त्याबरोबर एक कापडाचा तुकडा, विकत. त्याला आशो एबी म्हणतात. त्या घरच्या माणसांनी, मैत्रिणींनी त्या दिवशी एकाच कापडाचे कपडे घालायचे. किंमत ऐकून डोळे पांढरे होतील. पहिल्या वेळी घे. तुला ‘आपली’ म्हणून मोजलंय याची ती पावती आहे. नंतर प्रत्येकीचं घ्यायची गरज नाही, त्याही घेत नाहीत. वऱ्हाडी नाचणाऱ्या जोडप्याच्या कपाळाला नोटा चिकटवतात, अंगावर उधळतात. तू पाकीट दे. मध्यवर्ती बँकेच्या २००७ च्या कायद्याने नोटा उधळणं गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगात गेलेले लोकही आहेत. कायदा पाळणारे थोडे, पण परदेशी बाई सापडली तर मग सगळ्यांना तो आठवतो.

शुक्रवारी संध्याकाळी गेटवर ‘हॅपी वीकेंड, मॅडम’ जरा लांबवून म्हटलं जाईल. त्याचा अर्थ तुला कळेल. दर शुक्रवारी पैसे देऊ नकोस, कधीच न देणं तर त्याहून वाईट. मुलाची शाळेची फी असेल तेव्हा दे.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. फसवणुकीच्या ईमेलांमुळे आपल्याकडे नायजेरियन म्हटलं की लोक हसतात. त्या फसवणुकीला तिथे ‘४१९’ म्हणतात, त्यांच्या फौजदारी कायद्यातलं कलम आहे ते. आणि सगळ्यात आधी फसतात ती तिथलीच माणसं. घरांच्या भिंतींवर रंगाने लिहिलेलं दिसेल, ‘हे घर विकाऊ नाही, ४१९ पासून सावध’, कारण मालक गावी गेला की कुणीतरी त्याचंच घर तिसऱ्याला विकून मोकळा होतो. वर बाहेरच्या जगाने केलेली चेष्टाही त्यांनाच ऐकून घ्यावी लागते.

आणि आपली माणसं. कंपनीच्या कंपाउंडमध्ये, रविवारच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर तू असे शब्द ऐकशील की तुझी मान खाली जाईल. पन्नाशीच्या माणसाला ‘बॉय’ म्हणून हाक मारणारे, समोर उभा असताना त्याच्याबद्दल हिंदीत बोलणारे. वीस वीस वर्षं भारतीयांकडे काम केलेल्या माणसाला हिंदी कळतं, शिव्या तर आधी कळतात. मी पहिली दोन वर्षं गप्प बसले, नवीन आहे म्हणून. ते दोन वर्षांचं गप्प बसणं मला अजून टोचतं. तू भांडण करावंस असं नाही म्हणत. पण तिथून उठून स्वयंपाकघरात जाऊन ‘ए कू इशे’ म्हणता येतं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कामाचं राहिलं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घे. ते कार्ड जाताना मागू शकतात, परत येताना तर नक्कीच विचारतात. मच्छरदाणी इथूनच ने. ताप आला तर ‘बघू उद्या’ नको, त्याच दिवशी रक्त तपासून घे.

दिवाळीला येशील तेव्हा माझ्यासाठी एक देरिका इजेबू गारी आण. बारीक, आंबट असते ती, दुसरी चालणार नाही. आणि जारा मागून घे, तोही माझाच.

तुझी,
मावशी