प्रश्न तुमचे : मास्क असूनही मळमळ का?

प्रश्न : कपाशी खांद्याला लागली आहे. दोन औषधं एकत्र करून फवारतो. मास्क लावूनही संध्याकाळी मळमळतं, डोकं जड होतं. असं का?

उत्तर : फवारताना विष नाकातून जातं त्याहून जास्त कातडीतून जातं. खांद्याएवढ्या पिकात पुढे फवारत चाललात की औषधाने ओली पानं छातीला, मांड्यांना घासतात. सदरा भिजतो आणि दिवसभर अंगाला चिकटून राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर याच कामात दगावले. तेव्हाही पीक उंच होतं, हवा दमट होती आणि औषधांची मिश्रणं मारली जात होती.

दोन औषधं मनाने एकत्र करू नका. विषाचा भार वाढतो आणि डॉक्टरांना नेमकं काय बाधलं ते कळत नाही. वारा पाठीकडून हवा, भर उन्हात फवारणी नको. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे आणि छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा ॲप्रन घाला. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. पंप पाठीवर गळत असेल तर त्या दिवशी काम थांबवा.

घाम, लाळ, उलटी, धूसर दिसणं, बाहुल्या बारीक होणं यांपैकी काही दिसलं तर लगेच कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखाना गाठा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाचा डबा सोबत न्याच. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशा औषधांच्या बाधेवर ॲट्रोपिन चालतं. प्रत्येक विषावर असा उतारा नाही. डब्यावरचा त्रिकोणही पाहा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

प्रश्न : निंबोळी अर्काने गुलाबी बोंडअळी जाते का?

उत्तर : बोंडात शिरलेली जात नाही. पण तिथे महागडं औषधही पोचत नाही, आणि नेमक्या याच वेळी सर्वाधिक विष वाया जातं. अर्क मावा, तुडतुडे आणि लहान अळ्यांसाठी, सुरुवातीपासून वापरा. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. २०० ग्रॅम साबणचुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवा. सकाळी भरडा ढवळून फडक्यातून गाळा, साबणपाणी घाला, एकूण १० लिटर करा. १ लिटर अर्कात ९ लिटर पाणी घेऊन त्याच दिवशी, संध्याकाळी फवारा. उन्हाने त्याचा असर उतरतो.

बोंडअळीसाठी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले, किंवा शेतभर फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ किडलेली निघाली, तरच रासायनिक फवारणीचा विचार करा.

प्रश्न : कपाशीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट येत आहेत. कोणता रोग?

उत्तर : बहुधा रोग नाही, टू-फोर-डी तणनाशकाचा फटका आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलं असेल किंवा तोच पंप वापरला गेला असेल. याला उतारा नाही. फटका हलका असेल तर पुढची फूट नीट येते. दोन-तीनदा धुतलेल्या पंपातही हे औषध पुरेसं उरतं, म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर लाल रंगाने ठळक खूण करा.