विंडोजसोबत उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकताना मध्येच अडकलं, आता फक्त 'ग्रब रेस्क्यू' दिसतं. विंडोज परत कसं मिळेल?

फॉरमॅट करायची घाई नको. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलं नसेल, तर डेटा बहुधा जागेवरच आहे. बिघडलंय ते बूटलोडरचं, म्हणजे मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम चालू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं ('ग्रब' हा उबुंटूचा बूटलोडर).

आधी मशीन सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार बदलतं) दाबून बूट मेन्यू (कशावरून सुरू करायचं ती यादी) उघडा. तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' दिसला तर तोच निवडा. नंतर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) त्याला पहिला क्रमांक द्या, काम झालं.

नसेल दिसत, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून 'रिपेअर'मध्ये जाऊन स्टार्टअप रिपेअर चालवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-लॉक) चालू असल्यास रिकव्हरी की मागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. उबुंटूची अर्धवट पार्टिशन (डिस्कचे वेगळे केलेले भाग) विंडोज नीट चालू झाल्यावरच उडवा, आणि त्याआधी बॅकअप घ्याच.