घोड्याच्या नजरेतून महायुद्ध: ‘वॉर हॉर्स’बद्दल वाचकांचे प्रश्न

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 2011 सालच्या या चित्रपटाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न. कथा थोडक्यात अशी: डेव्हन परगण्यातला शेतकऱ्याचा पोरगा अल्बर्ट याने जीव लावून वाढवलेला जोई हा घोडा 1914 मध्ये ब्रिटिश फौजेला विकला जातो, मग जर्मनांच्या हाती लागतो. उत्तरांत कथानक उघड केलं आहे, हे आधीच सांगतो.

मुलगी नऊ वर्षांची आहे, घोड्यांचं भारी वेड. तिला दाखवावा का? (नाशिक)

दाखवा, पण शेजारी बसून. अमेरिकेत याला पीजी-13 (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना) आणि ब्रिटनमध्ये 12ए (बारा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहावा) असा दर्जा आहे. रक्त जवळपास दिसत नाही. घोडदळाच्या हल्ल्यात मशिनगन सुरू होतात, आणि पुढच्या दृश्यात गनवरून उड्या मारत जातात ते रिकाम्या पाठीचे घोडे. स्वार पडताना दाखवलेलेच नाहीत. पळून गेलेल्या दोन जर्मन भावांना गोळ्या घालतात, तेव्हा पवनचक्कीचं पातं नेमकं मधे येतं. ते सरकतं तोवर सगळं झालेलं असतं. लहान मुलांना हे कळतही नाही. त्यांना रडवतो तो टॉपथॉर्नचा, म्हणजे जोईच्या काळ्या सोबत्याचा मृत्यू. जोई शेवटी जगतो, एवढं मुलीला आधीच सांगून टाका. मजा कमी होत नाही. लांबी 146 मिनिटं आहे. फ्रेंच आजोबा-नातीचा भाग संपला की मध्यंतर घ्या, कारण त्यानंतरचा सलग भाग सगळ्यात जड आहे.

काटेरी तारेत अडकलेल्या घोड्याचं दृश्य पाहवत नाही. खऱ्या घोड्याला त्रास दिला का? (सातारा)

नाही. तार रबराची होती आणि अडकलेल्या अवस्थेतल्या काही दृश्यांत यांत्रिक घोडा वापरला आहे. प्राण्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी अमेरिकेतली संस्था चित्रीकरणाला हजर होती. जोई म्हणून एकूण चौदा घोडे वापरले, त्यात शिंगरंही होती. कुमैत रंगाच्या या घोड्यांना चारही पायांचे पांढरे मोजे आणि कपाळावरचा चांदवा रंगवून एकसारखं पंचकल्याणी करत. मोठ्या जोईच्या अनेक दृश्यांत फाइंडर नावाचा घोडा आहे.

तार तोडण्याचा प्रसंग मात्र नीट पाहण्यासारखा आहे. एक इंग्रज आणि एक जर्मन शिपाई खंदकांमधल्या मोकळ्या जागेत येतात, जर्मन आणखी कात्र्या मागतो आणि त्याच्या खंदकातून एकदम अनेक कात्र्या उडत येतात. खऱ्या आयुष्यातही हे काम दोघांचंच. ताणलेली तार कापली की टोक चाबकासारखं उसळतं, म्हणून एकाने धरायची आणि दुसऱ्याने कापायची. घोडा उठताना आधी मान उचलतो आणि पुढचे पाय टेकवतो. त्यामुळे डोकं जमिनीशी दाबून धरलं की त्याला उठता येत नाही आणि तार आणखी आवळत नाही. ढोपराखाली घोड्याच्या पायाला मांस नसतंच, कातडीखाली लगेच शिरा आणि हाड. तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. या बाबतीत चित्रपटाने सवलत घेतली आहे.

म्हणे गोष्ट घोडा सांगतो. चित्रपटात तर तो बोलत नाही! (डोंबिवली)

मायकेल मॉर्पर्गो यांच्या 1982 सालच्या मूळ कादंबरीत जोईच ‘मी’ म्हणून बोलतो. पडद्यावर निवेदन काढून टाकलं, हा निर्णय आम्हाला पटतो. घोडा जाईल तिकडे कथा जाते, तो निघाला की मागे राहिलेल्या माणसांचं काय झालं ते सहसा कळत नाही. एवढं पुरतं.

खरा घोडा युद्धभूमी कशी पाहत असेल? (पणजी)

डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. निळा-पिवळा ओळखू येतो, लाल वेगळा कळत नाही. अंधारातून उजेडात किंवा उलट जाताना त्याचे डोळे सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. रात्री तोफेचा लख्ख उजेड आणि लगेच काळोख, अशा जागी तो का बिथरतो ते यावरून लक्षात येईल.

टॉपथॉर्नला गोळी लागत नाही, तरी मरतो. पटलं नाही. (लातूर)

उलट चित्रपटातली सगळ्यात खरी गोष्ट हीच. त्या युद्धात बहुतेक घोडे गोळीने नाही, तर थकवा, थंडी, भूक आणि रोगांनी गेले. ब्रिटिशांची 18 पौंडी (म्हणजे 18 पौंड वजनाचा गोळा फेकणारी) तोफ ओढायला सहा घोडे लागत, तीन जोड्यांत, आणि प्रत्येक जोडीतल्या डाव्या घोड्यावर हाकणारा बसे. चित्रपटात तोफा ओढायला जुंपलेल्या टॉपथॉर्नसारख्या स्वारीच्या अरुंद छातीच्या घोड्याला ओझ्याच्या घोड्याची कॉलर, म्हणजे ओढण्यासाठी गळ्यात घालायचं जाड कडं, घातली तर ती सरकून खांदे सोलते. घट्ट असेल तर श्वासनळी दाबते. कॉलरच्या खालच्या टोकाशी सपाट तळवा जेमतेम आत गेला की माप बरोबर.

पोटाचंही तसंच. मोठ्या घोड्याला दिवसाला दहा-एक किलो चारा-चंदी लागते. इंग्लंडहून फ्रान्सला गेलेल्या मालात चारा-चंदी 54 लाख टनांच्या वर होती, म्हणजे दारूगोळ्याहूनही जास्त. तरी तोबरे पुरते भरत नसत. त्यातच खरूज आवरण्यासाठी 1916-17 च्या हिवाळ्यात घोड्यांचे केस कातरले, आणि त्या कडाक्यात ते उघडे पडले. 1917 च्या वसंतात फ्रान्समधल्या आरासच्या आघाडीवर याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

आपल्याकडचे घोडेस्वार त्या आघाडीवर होते का? (पुणे)

होते. पूना हॉर्स ही भारतीय घोडदळाची पलटण 1914 मध्येच फ्रान्सला पोहोचली, आणि तिच्या शिपायांना पायउतार होऊन खंदकांतही लढावं लागलं. 14 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वुड या रानाजवळ डेक्कन हॉर्स या दुसऱ्या भारतीय पलटणीने सेव्हन्थ ड्रॅगून गार्ड्स या ब्रिटिश घोडदळाबरोबर भाले घेऊन हल्ला केला. नंतर 1918 च्या सुरुवातीला भारतीय घोडदळ फ्रान्समधून पॅलेस्टाइनला हलवलं.