ठसे घेण्याच्या ब्रशवरून दुसऱ्याचा डीएनए येऊ शकतो का?

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. विश्रामबागच्या घरी चोरी झाली, ठसेतज्ज्ञांनी कपाटावर पावडर मारली, तोच ब्रश सकाळी मिरजेतल्या घरफोडीत वापरला होता, आणि खिडकीच्या गजावरचं रक्त त्यानंतर टिपलं. आता रिपोर्टात भलत्याचाच डीएनए येऊन केस पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

सीए रिपोर्टवर, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणी अहवालावर, उलटतपास घेणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून सांगतो: धोका खरा आहे, पण सगळ्या पुराव्याला सारखा नाही.

वाळलेल्या रक्तावरून किंवा लाळेवरून ब्रश फिरला की त्याचे कण केसांत अडकतात आणि पुढच्या वस्तूवर पडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ब्रश पावडरच्या डबीत बुडतो, म्हणजे डबीही गेली. पूर्वी तपासणीला चांगला मोठा डाग लागायचा, त्यामुळे हे खपून जायचं. आता पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीत, दर फेरीला प्रती जवळपास दुप्पट होतात. २८ फेऱ्यांत एकाच्या हिशेबाने २६ कोटींच्या वर. चोराचा डीएनए वाढतो तसाच ब्रशवरून आलेलाही वाढतो.

तुमच्या गजावर रक्ताचा ठसठशीत डाग असेल तर फार घाबरू नका. त्यात चोराचाच डीएनए भरपूर असतो; ब्रशवरचा आला तरी बहुधा मिश्रणात फिका दिसेल. कपाटाच्या मुठीचं तसं नाही. तिथे नुसता हात लागलेला, पेशी मोजक्याच, आणि त्यावर ब्रश फिरलेला. म्हणून आधी टिपून घ्यायचं, मग पावडर, हा क्रम.

साक्षीदार पिंजऱ्यात ठामपणे सांगतात, ‘सामान निर्जंतुक होतं.’ असेल हो! पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही. जर्मनीत एकाच अनोळखी बाईचा डीएनए खुनापासून चोऱ्यांपर्यंत चाळीसेक ठिकाणी सापडत होता, २००७ मधल्या हाइलब्रॉनच्या महिला पोलिसाच्या खुनातही. तिच्यासाठी ३ लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये एका पुरुषाच्या कागदपत्रांवरही तीच ‘सापडली’, तेव्हा उलगडा झाला: डीएनए कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्याच. त्यानंतर २०१६ मध्ये अशा सामानासाठी आयएसओ १८३८५ हे वेगळं मानक आलं. चिमटा-कात्री नुसत्या स्पिरिटने पुसण्याचंही तेच. स्पिरिटने डीएनए नष्ट होत नाही, त्याला ब्लीचचं पातळ द्रावण लागतं. नाहीतर दरवेळी नवं सामान.

तुमच्या प्रकरणात मला खरी भीती वेगळीच वाटते. तुमच्या आणि मिरजेच्या घरी एकच अनोळखी प्रोफाइल निघालं, तर पोलीस म्हणतील चोर एकच. आरोपीचा वकील म्हणेल ब्रश एकच. मी त्या बाजूला असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

तेव्हा दोन कामं आत्ताच करा. एक, ब्रशची माहिती तपासी अंमलदाराला लेखी द्या आणि पोच घ्या. लपवलं तर ती उलटतपासात निघेल, आणि तेव्हा महागात पडेल. दुसरं, घरातल्यांचे नमुने वगळणीसाठी (म्हणजे सापडलेला डीएनए घरच्यांचा नाही ना, हे ताडून पाहायला) द्यायला तयार आहोत, असं त्याच अर्जात लिहा. ठसे घेणाऱ्यांचे आणि मिरजेच्या घरातल्यांचेही घ्यावेत, अशी विनंती करा. नमुना वाळवून कागदी पाकिटात गेला की ओला प्लॅस्टिकमध्ये, हेही विचारून ठेवा. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

नमुना लॅबला पोचायलाही मुदत आहे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास अधिकाऱ्यावर ४८ तासांची जबाबदारी टाकली आहे, उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहावं लागतं. चार्जशीट दाखल झाल्यावर वकिलामार्फत प्रत मागा आणि पंचनाम्यात आधी पावडर लिहिलीय की आधी रक्त, ती ओळ सरकारी वकिलांना दाखवा.